बीडला रेल्वे आली, पण कुणाच्या वेळेला?

(ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी हा भाग लिहून देतोय. बोलताना आलेले ‘अं’ आणि ‘म्हणजे’ तेवढे कमी केलेत.)

आज ज्या गाडीबद्दल बोलायचंय तिला ना वंदे भारतचा थाट, ना एसी, ना रिझर्व्हेशन. साधी डेमू आहे. तरी १७ सप्टेंबर २०२५ ला, म्हणजे मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाला, मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी बीड स्टेशनवरून तिला हिरवा झेंडा दाखवला तेव्हा माझा फोन बीडच्या मित्रांच्या व्हिडिओंनी भरून गेला. गाडी दिसायच्या आधीच लोक ओरडतायत, आजोबा मंडळी रुळांना हात लावून बघतायत. मी रेल्वेवेडा माणूस, बरीच उद्घाटनं पाहिलीत. असं क्वचितच बघायला मिळतं.

एक गोष्ट आधी स्पष्ट करतो. “बीड जिल्ह्यात रेल्वे नव्हती” असं बरेच जण म्हणतात, ते खरं नाही. परळी वैजनाथला, घाटनांदूरला निजामाच्या काळापासून गाडी येते. नव्हती ती बीड शहरात. जिल्ह्याचं ठिकाण, कलेक्टर कचेरी, कॉलेजं, बाजार, सगळं आहे, पण स्टेशन नाही. बीडच्या पोराला पुण्याला जायचं तर एसटी नाहीतर ट्रॅव्हल्स. दिवाळीत ट्रॅव्हल्सवाले किती भाडं घेतात ते तुम्हाला मी सांगायला नको.

तर हा मार्ग म्हणजे नगर–बीड–परळी. (कागदोपत्री अहिल्यानगर, पण सवयीने तोंडात नगरच येतं, सांभाळून घ्या.) एकूण लांबी २६१ किलोमीटर. मंजुरी १९९५ ची. तेव्हाचा अंदाज ३५३ कोटी रुपयांचा होता, आज तो ४,८०० कोटींच्या घरात आहे. ऐकणाऱ्यांपैकी निम्मे तरी तेव्हा जन्मलेच नसतील.

एवढा उशीर का? सोप्या भाषेत सांगतो. रेल्वे नवा मार्ग टाकण्याआधी बघते की यातून परतावा किती मिळेल. मागास, दुष्काळी भागात तो कमीच दिसतो, कारण उद्योग नाहीत. आणि उद्योग का नाहीत, तर रेल्वे नाही. बसा आता गोल गोल फिरत! मग तोडगा निघाला की निम्मा खर्च राज्याने करायचा. ऐकायला छान आहे. पण दोन खिशांतून पैसे यायचे असले की एक दुसऱ्याकडे बघत बसतो. दरवर्षी थोडे पैसे आले की थोडी जमीन घ्यायची, थोडा भराव टाकायचा आणि थांबायचं. थांबलं की जमीन, लोखंड, मजुरी सगळं महागतं, म्हणजे पुढच्या वर्षी तेवढ्याच पैशात काम आणखी कमी. केशरकाकू क्षीरसागर, गोपीनाथ मुंडे यांच्यापासून किती खासदारांनी पाठपुरावा केला, गावोगावी किती आंदोलनं झाली. ते सगळं सांगत बसलो तर वेगळा भाग करावा लागेल.

नगर ते आष्टी हा ६६ किलोमीटरचा तुकडा २३ सप्टेंबर २०२२ ला सुरू झाला. तिथून पुढे अंमळनेर, मग रायमोह, राजुरी आणि बीड. नगरपासून साधारण १६६ किलोमीटर.

इथे एक गंमत सांगतो. रूळ टाकले म्हणून लगेच प्रवासी गाडी सोडता येत नाही. आधी रेल्वे सुरक्षा आयुक्त येतात, ट्रॉलीवर बसून मार्ग बघतात, पूल, सिग्नल, फाटकं तपासतात, वेगाची चाचणी घेतात. आणि हे आयुक्त रेल्वे मंत्रालयाच्या हाताखाली नसतात. ते येतात नागरी विमान वाहतूक मंत्रालयाखाली! कारण साधं आहे. ज्याने पेपर लिहिला त्यानेच तपासला तर काय उपयोग?

आता गाडीत बसू. डेमू म्हणजे डिझेलवर वीज तयार करायची आणि त्या विजेवर मोटारी फिरवायच्या. ड्रायव्हरची केबिन दोन्ही टोकांना, त्यामुळे बीडला इंजिन काढून दुसऱ्या बाजूला लावायची भानगड नाही. खिडकीतून बालाघाटचे बोडके डोंगर दिसतात, मधेच काळं रान, मधेच खोल कापलेला खडक. रस्ता सरळ टेकडी चढून जातो. रेल्वेला तसं जमत नाही, शंभर मीटरला एखादा मीटर एवढाच चढ झेपतो. म्हणून ती लांबून वळसा घेते, उंच भराव टाकते, डोंगर कापते. नकाशात मार्ग वाकडा का दिसतो याचं उत्तर बऱ्याचदा हेच असतं.

आणि मग वेळ. सुरुवातीला जाहीर झालेलं वेळापत्रक असं: नगरहून सकाळी ६:५५ ला निघायचं, बीडला दुपारी १२:३० ला पोचायचं. परत दुपारी १ ला निघून संध्याकाळी ६:३० ला नगर. म्हणजे ताशी सरासरी ३० किलोमीटर. एसटी याच्या आधी पोचते हो!

थोडं समजून घेऊ. गाडी प्रत्येक स्टेशनवर थांबते आणि प्रत्येक थांबा वेग कमी करण्यात नि पुन्हा पकडण्यात काही मिनिटं खातो. नवा भरावही पावसाळे झेलत हळूहळू बसतो, म्हणून सुरुवातीला वेगाला लगाम असतो. हे मान्य. पण एकेरी मार्ग, क्रॉसिंग वगैरे कारण मला पटत नाही, समोरून येणाऱ्या गाड्या आहेतच किती? उरलेला वेळ वेळापत्रकात सैल सोडलाय, हे माझं मत.

पण वेगापेक्षाही मला जास्त खटकतं ते दुसरंच. ही गाडी नगरहून सुटते आणि रात्री नगरलाच येते. बीडच्या माणसाला नगरला दवाखान्यात जाऊन त्याच दिवशी घरी यायचं असेल तर ती काही कामाची नाही. दुपारी निघा, संध्याकाळी पोचा, मुक्काम करा, सकाळी परत या. उलट नगरच्या माणसाला बीडमध्ये मिळतो अर्धा तास, चहा होईल फार तर. पुण्यात स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी पोरं घरी कधी जाणार? शनिवार-रविवार. आणि रविवारी गाडी बंद! तीस वर्षं वाट बघून मिळालेली गाडी, तिचा एक रेक रात्री बीडला मुक्कामी ठेवला आणि पहाटे सोडला तर अर्धा प्रश्न सुटेल. त्याला नवे रूळ लागत नाहीत. डबे धुवायची, डिझेल भरायची, कर्मचाऱ्यांच्या विश्रांतीची सोय लागते. खर्च आहे, पण ४,८०० कोटींपुढे किती?

दुसरा मुद्दा परळीचा. सध्या बीड हे शेवटचं स्टेशन आहे, पुढे वाट बंद. उरलेले ९५ किलोमीटर वडवणीमार्गे परळीला जोडले गेले की चित्र बदलेल. मग मराठवाड्यातून पुण्याकडे जायला आणखी एक वाट मिळेल, मालगाड्या फिरतील, लांब पल्ल्याच्या गाड्या मागता येतील. तोवर या मार्गावर प्रवासी कमीच दिसणार, आणि ते आकडे दाखवून कुणीतरी म्हणेल, “बघा, गर्दीच नाही.” ही भीती मला खरी वाटते. म्हणून बीडकरांनो, जमेल तेव्हा तिकीट काढून बसा. एसटीपेक्षा स्वस्त आहेच.

जाणार असाल तर डबा आणि पाणी बरोबर घ्या, मधल्या स्टेशनांवर काही मिळेल या भरवशावर राहू नका. निघायच्या आधी एनटीईएस ॲपवर वेळ बघून घ्या, बदललेली असू शकते. बीडच्या बाजूने कुणी गेलात तर फलाटावरून मला एक व्हॉइस नोट पाठवा, पुढच्या भागात लावतो.