अणुभट्टीचा शेजार कोण तपासणार?

अणुप्रकल्पाची जागा ठरवताना भूकंप, पूर पाहून भागत नाही. जवळचे रासायनिक कारखाने, दारूगोळ्याची कोठारे, विमानतळ, वरच्या अंगाची धरणे यांचाही धोका मोजावा लागतो. तिथला स्फोट किंवा विषारी वायू भट्टीपर्यंत पोहोचेल का, हा प्रश्न असतो. तारापूरची भट्टी १९६९ मध्ये सुरू झाली. आज जवळच रासायनिक कारखान्यांची एमआयडीसी आहे. शेजार बदलतो, म्हणून तपासणीही पुन्हा पुन्हा हवी.

आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यात अणुप्रकल्प नाही, पण के. के. रेंज हे लष्करी सराव क्षेत्र आहे, मुळा, भंडारदरा धरणे आहेत. उद्या कोणताही धोकादायक प्रकल्प आला, तर जनसुनावणीची नोटीस ३० दिवस आधी निघावी लागते. तेवढ्यात अहवाल वाचून, आपल्या वस्तीपासूनचे अंतर मोजून, लेखी हरकती द्यायच्या. पारखल्याशिवाय स्वीकारू नका, ही तथागतांची शिकवण इथेही लागू आहे.

जय भीम! नमो बुद्धाय!