उसातला बिबट्या आणि त्याची भावकी

ओतूरच्या शाळेत मी विज्ञान शिकवते. मार्जारकुळाचा विषय निघाला की माझ्या वर्गातली मुलं पुस्तक उघडायची वाट पाहत नाहीत. कुणाच्या वस्तीवरची शेळी गेलेली असते, कुणाचा अंगणातला कुत्रा. चिखलातला ठसा कुत्र्याचा की बिबट्याचा, हे पाचवीतलं पोरही सांगतं. कुत्र्याची नखं उमटतात, बिबट्याची नाहीत. चालताना तो ती आत झाकून ठेवतो.

मग मी चित्ता सांगते. त्याची नखं पूर्ण झाकली जात नाहीत, धावताना ती जमिनीत रुततात आणि वळणावर पाय घसरत नाही. सडपातळ अंग, डोळ्यांपासून तोंडापर्यंत उतरलेली काळी रेघ, अंगावर भरीव ठिपके. बिबट्याचे ठिपके मात्र पोकळ, काळ्या कड्यांसारखे. तरीही बिबट्याच्या फोटोखाली ‘चित्ता’ छापलेलं दिसतं तेव्हा मला मनापासून वाईट वाटतं. कोल्हापूरच्या संस्थानात पाळीव चित्त्यांकडून काळविटांची शिकार होत असे. 1952 साली आपल्या देशाने हा प्राणी संपल्याचं जाहीर केलं आणि 2022 मध्ये नामिबियातून आठ चित्ते मध्य प्रदेशातल्या कुनोत आणावे लागले.

वाघ, सिंह, बिबट्या, जॅग्वार आणि हिमबिबट्या ही पाच खरी भावकी. शास्त्रज्ञ तिला पँथेरा म्हणतात. चित्ता तिच्यात बसत नाही. पाचांपैकी हिमबिबट्याला डरकाळी फोडता येत नाही. लडाख-स्पितीच्या कड्यांवर तोल सांभाळायला आणि झोपताना तोंडावर पांघरायला त्याला जवळजवळ अंगाएवढी लांब, झुबकेदार शेपूट मिळाली आहे. दक्षिण अमेरिकेतल्या जॅग्वारचा जबडा इतका ताकदवान, की तो कासवाची पाठ फोडतो आणि मगरीच्या जातीतल्या केमनचीही शिकार करतो. सिंह तेवढा कळपाने राहतो. आशियाई सिंह आता फक्त गुजरातेत उरला आहे; 2025 च्या गणनेत 891 भरले.

वाघाचे पट्टे प्रत्येकाचे वेगळे, म्हणून कॅमेऱ्यातल्या फोटोंवरून त्यांची मोजदाद करता येते. आपल्या टिपेश्वरमधला एक तरुण वाघ 2019 मध्ये निघाला, तेलंगणाची हद्द ओलांडून परतला आणि सुमारे 3000 किलोमीटर फिरून बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. वाघाला मोठी शिकार, पाणी आणि लपायला दाट रान लागतं. ते मिळेपर्यंत तो चालत राहतो.

बिबट्याला एवढं काही लागत नाही, आणि माझ्या मते हेच त्याचं मोठेपण आहे. तो उंदीर खातो, डुक्कर खातो, कुत्रं खातो, शेळी खातो. शिकार तोंडात धरून झाडावर चढतो. धरणांचे कालवे आले तसा आमच्या तालुक्यात ऊस वाढला, आणि उसात सावली, पाणी, एकांत सगळंच आलं. मादी सरीत पिल्लं घालते. तोडणीच्या वेळी टोळीला ती सापडतात, तेव्हा आता वनखात्याची माणसं माणिकडोहच्या निवारा केंद्रातल्या डॉक्टरांना बोलावतात. बछडे तपासून, संध्याकाळी क्रेटमध्ये घालून सापडले त्याच जागी ठेवतात. बहुतेक वेळा आई रात्रीत येऊन एकेकाला उचलून नेते.

पूर्वी पिंजऱ्यात सापडलेले बिबटे लांबच्या जंगलात नेऊन सोडत. वन्यजीवशास्त्रज्ञ विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अभ्यास केला, तेव्हा सोडलेल्या जागांच्या आसपास माणसांवरचे हल्ले वाढल्याचं दिसलं. ‘आजोबा’ नाव दिलेला बिबट्या टाकळी ढोकेश्वरच्या विहिरीतून काढून माळशेजला सोडला होता. गळ्यात कॉलर घेऊन तो महामार्ग, रेल्वेरूळ आणि खाडी ओलांडत मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानापर्यंत गेला. वाटेत त्याने एकाही माणसाला इजा केली नाही.

पण जुन्नर, आंबेगाव, शिरूरमध्ये माणसं गेली आहेत, लहान मुलं गेली आहेत. ज्या घरातलं मूल गेलं, त्यांच्यापुढे बिबट्याचं कौतुक मी करणार नाही. त्या घरांचा राग खरा आहे. अकोले तालुक्याच्या डोंगरात वाघबारशीला वाघोबाला नैवेद्य दाखवणारी माणसंही गुरं वेळेत आत घेतात.

वर्गात म्हणूनच मी ठिपक्यांइतकाच वेळ गोठ्यावर घालवते. कुंपण कितीही उंच असलं तरी बिबट्या चढतो, तेव्हा जाळी वरूनही हवी. उसाच्या कडेला वाकून किंवा बसून काम करणारा माणूस त्याला लहान जनावरासारखा दिसू शकतो, म्हणून दोघांनी जावं, बोलत राहावं. आणि शेतीपंपाची वीज दिवसा मिळावी, ही मागणी आमच्या ग्रामसभेत पुन्हा पुन्हा होते. रात्री अकराला बॅटरी घेऊन मोटार चालू करायला जाणाऱ्यांत माझ्या विद्यार्थ्यांचे वडील असतात, आणि कधी कधी दहावीतले विद्यार्थीही.