रमजानमधली एक गोळी

शाळा सुटल्यावर एका विद्यार्थ्याचे वडील वर्गाबाहेर घुटमळत होते. सगळे गेल्यावर त्यांनी खिशातून घडी घातलेला कागद काढला. "सर, माझं शिक्षण उर्दूत झालं. हे इंग्रजी जरा वाचून सांगा. आणि कुणाला बोलू नका."

तो 'व्हायरल लोड'चा, म्हणजे रक्तातील विषाणू मोजणाऱ्या तपासणीचा रिपोर्ट होता. त्यांना एचआयव्ही होता आणि औषधाने दबलेला विषाणू पुन्हा वाढला होता. दवाखान्यात समजावून सांगितलं होतं, पण घाबरल्यामुळे काही डोक्यात शिरलं नव्हतं. (हे सारं त्यांच्या परवानगीने, ओळख लपवून लिहीत आहे.)

ते टेम्पो चालवतात. गोळीची डबी सीटखाली ठेवायचे आणि रोज दुपारी जेवणानंतर गोळी घ्यायचे. घरी कुणालाच माहीत नव्हतं. रमजान आला. दुपारी रोजा, आणि इफ्तारला सारं घर दस्तरख्वानभोवती. महिनाभर गोळी सुटली. ईदनंतर पुन्हा सुरू केली, पण मध्ये मध्ये खंड पडतच राहिला.

औषध महाग म्हणून सुटलं नव्हतं. १ एप्रिल २००४ पासून सरकारी एआरटी केंद्रांत ते मोफत मिळतं. आता बहुतेकांना तीन औषधांची मिळून दिवसाला एकच गोळी असते. सुटली ती लपवाछपवीमुळे. बायकांची तपासणी निदान गरोदरपणात तरी होते. पुरुष अंथरूण धरेपर्यंत दवाखान्यात जात नाहीत, आणि गेलेच तर घरी सांगत नाहीत. घरचा कर्ता आजारी असूच शकत नाही, असं आपण त्यांना लहानपणापासून शिकवलेलं असतं ना!

गोळी थांबली की काही आठवड्यांत विषाणू पुन्हा वाढू लागतो. अर्धवट घेत राहिलं तर तो औषधालाच दाद देईनासा होतो. उलट, नियमित घेऊन रक्तात विषाणू सापडेनासा झाला आणि तसाच राहिला, तर शरीरसंबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. नऊ देशांतील १,७६३ जोडप्यांचा मोठा अभ्यास झाला होता, त्यात आपलं पुणेही होतं. २०१६ साली त्याचे अंतिम निष्कर्ष आले. ज्यांचा विषाणू औषधाने पक्का दबलेला होता, त्यांच्याकडून जोडीदाराला लागण झाल्याचं एकही उदाहरण त्यात आढळलं नाही. हे ऐकून ते कितीतरी वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "म्हणजे गोळी घेतो तेव्हा मी तिला सांभाळतोच की."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं केंद्रावर गेलो. समुपदेशक ताई रागावल्या नाहीत. रमजानमध्ये गोळीची वेळ सहरीला किंवा इफ्तारला नेता येते, फक्त आधी येऊन विचारायचं, एवढंच त्या म्हणाल्या. एक गोष्ट मलाही नवीन होती. इफ्तारला भजी खाऊन आपण अॅसिडिटीचं औषध घेतो. त्यातल्या काही औषधांमुळे ही गोळी शरीरात नीट शोषली जात नाही. अशा औषधाच्या दोन तास आधी किंवा सहा तास नंतर गोळी घ्यावी लागते. त्यांनी सहरी निवडली. प्रकृती साथ देत नसेल तर रोजे नंतर पूर्ण करण्याची सवलत कुरआनातच आहे, याची आठवण मी करून दिली.

राहिलं घरी सांगणं. ते कुणी परस्पर करू नये. २०१७ च्या कायद्यानुसार रुग्णाच्या संमतीशिवाय ही माहिती उघड करता येत नाही. पण बायकोची तपासणी व्हायला हवी होती. म्हणून त्यांनी तिला केंद्रावर आणलं आणि ताईंसमोर स्वतःच सांगितलं. तिला लागण नव्हती. अल्हम्दुलिल्लाह. तरी ती पंधरा दिवस त्यांच्याशी बोलली नाही, आणि तिचंही चुकलं असं मला वाटत नाही.

कुणाला गुपचूप विचारायचं असेल तर १०९७ हा सरकारी मोफत क्रमांक आहे.

या रमजानमध्ये सहरीला ती चहाच्या थर्मासशेजारी डबी ठेवते. मुलांना ती 'अब्बांची गोळी' एवढंच माहीत आहे. त्यांच्या अम्मींना अजून सांगितलेलं नाही.