ढेकळाची साक्ष

वर्ध्याकडची काळी माती किती चिवट, हे पावसाळ्यात इकडच्या वावरात पाय टाकलेल्याला सांगायला नको. पाय वर येतो, चप्पल खालीच राहते. हीच माती मोटरसायकलच्या मडगार्डला आणि कारच्या पोटाला आतून थरावर थर बसते आणि वाळून दगडासारखी होते. पांदणीतले खड्डे, रेल्वे फाटकाचे आदळे, काही म्हणून तिला हलवत नाही. मग एका संध्याकाळी आर्वी रोडवर म्हणा, देवळीकडे म्हणा, एक कार आणि एक मोटरसायकल एकमेकांवर आदळतात आणि महिनोन्‌महिने चिकटून बसलेली ती माती एका झटक्यात सुटून डांबरावर पडते.

गाड्या मात्र तिथे थांबत नाहीत. कार पुढे जाऊन बाभळीला टेकते, मोटरसायकल घासत साइडपट्टीवर जाते. कारवाला सांगतो की तो माझ्या बाजूला घुसला. मोटरसायकलवाला सेवाग्रामच्या दवाखान्यात बेशुद्ध असतो, त्याच्या वतीने बोलायला कोणी नाही. रस्त्यावर मात्र मुठीएवढी ढेकळं पडलेली असतात, आणि ती मोटरसायकलवाल्याच्याच अर्ध्या भागात असतात. वेगामुळे माती थोडी पुढे उडते, तेवढं गणित तपासणाऱ्याला धरावं लागतं. तरी टक्कर पांढऱ्या पट्ट्याच्या अलीकडे झाली की पलीकडे, हे ती माती पुष्कळदा बघ्यांपेक्षा नेमकं सांगते.

म्हणून घटनास्थळ पंचनामा हा रटाळ वाटणारा कागद मी हल्ली रहस्यकथेसारखा वाचतो. डांबरी रस्त्याची रुंदी इतकी, साइडपट्टी इतकी, कारचं तोंड पूर्वेला, काचा इथून तिथपर्यंत, पुलाच्या कठड्यापासून किंवा किलोमीटरच्या दगडापासून अंतर इतकं. खाली दोन पंचांच्या सह्या आणि सोबत हाताने काढलेला नकाशा. यातला एकेक आकडा पुढे बोलू लागतो.

ब्रेकच्या काळ्या पट्ट्यांचंच बघा. चाकं जाम होऊन गाडी कोरड्या डांबरावर 20 मीटर घसरत जाऊन थांबली असेल, तर शाळेतल्या भौतिकशास्त्रावरून तिचा वेग ताशी साधारण 60 किलोमीटर निघतो. घर्षण, गुरुत्वाकर्षण आणि अंतर, एवढं पुरतं. गाडीचं वजन या हिशेबात येतच नाही, याचं मला अजून नवल वाटतं. पट्टा दुप्पट, म्हणजे 40 मीटर असेल, तर वेग दुप्पट होत नाही, 84 च्या आसपास येतो. उलटं वाचलं तर अंगावर काटा येतो: वेग दीडपटही झालेला नसतो, पण थांबायला लागणारी जागा दुप्पट झालेली असते. शिवाय डोळ्याने पाहिल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत दीड सेकंद गेला, तर ताशी 60 च्या वेगात गाडी तोवर 25 मीटर पुढे गेलेली असते. त्या 25 मीटरची रस्त्यावर काहीच खूण नसते. 2019 पासून 125 सीसीच्या वरच्या नव्या मोटरसायकलींना एबीएस सक्तीचं झालं. त्यात चाक जाम होत नाही, म्हणून काळा पट्टाही नीट उमटत नाही. जीव वाचवणारं यंत्र पुरावा पुसतं, असा हा प्रकार आहे.

‘त्याचा लाइटच बंद होता साहेब,’ हे वाक्य रात्रीच्या प्रत्येक अपघातात ऐकू येतं. जुन्या पद्धतीचा बल्ब असेल तर तो स्वतःच याचं उत्तर देतो. लाइट चालू असताना आतली टंगस्टनची तार तापून धगधगती आणि मऊ असते. धक्का बसला की ती तुटण्याआधी ताणली जाते आणि तिचे वेटोळे ओढलेल्या स्प्रिंगसारखे उघडतात. लाइट बंद असेल तर तार थंड आणि ठिसूळ असते, ती कटकन तुटते. चालू बल्बची काच फुटली तर हवा लागून तार जळते आणि तिच्यावर पांढरट-पिवळसर भुकटी चढते. तो लाइट चालू होता की बंद, हे नखाएवढ्या तारेत लिहून ठेवलेलं असतं. एलईडीत तारच नाही, त्यामुळे हा साक्षीदार आता हळूहळू निवृत्त होतो आहे.

कारवाला खोटंच बोलतो असंही नाही. ‘कुठून आला, दिसलाच नाही’ हे पुष्कळदा अक्षरशः खरं असतं. हात लांब करून करंगळीचं नख बघा. शंभर मीटरवरून समोरून येणारी मोटरसायकल त्या नखाच्या निम्म्याएवढी दिसते. ती ताशी 60 ने येत असेल तर तुमच्यापाशी पोचायला तिला सहा सेकंद लागतात. पहिल्या तीन सेकंदांत अर्ध्या नखाचं फक्त एक नख होतं. उरलेली सगळी वाढ शेवटच्या तीनात, त्यातही शेवटच्या एका सेकंदात होते. त्यात लहान वस्तू दूर आणि संथ वाटते, आणि कारच्या काचेशेजारचा खांब अख्खी मोटरसायकल झाकू शकतो. डोळ्यांनी फसवलं म्हणून जबाबदारी टळत नाही, हा भाग वेगळा.

आता खरी गंमत. एकाच अपघातातली चूक तीन टेबलांवर तपासली जाते आणि तिन्हीकडे उत्तर वेगळं येऊ शकतं. रस्त्यावर जमलेल्या गर्दीचं चौथं टेबलही असतं, तिचा निकाल ठरलेला असतो: चूक मोठ्या गाडीची. कायद्यात असा नियम कुठेच नाही.

पहिलं टेबल फौजदारी. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेचं कलम 281 बेदरकार वाहन चालवण्यासाठी आणि 106 निष्काळजीपणाने झालेल्या मृत्यूसाठी लागतं. इथे गुन्हा संशयापलीकडे सिद्ध व्हावा लागतो. दुसरं टेबल मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाचं, बोलीत नुसतं ‘क्लेमची केस’. इथे अधिक शक्य काय, एवढंच पाहतात. त्यामुळे फौजदारीत सुटलेल्या चालकाच्या गाडीमुळेही भरपाई मिळू शकते. 1980 मध्ये न्या. कृष्ण अय्यर यांच्यापुढे असंच एक प्रकरण होतं. बसला वरची विजेची तार लागून माणसं दगावली होती आणि चालक निर्दोष सुटला होता. सर्वोच्च न्यायालयाने भरपाई कायम ठेवली.

नियम मोडणं आणि अपघाताला कारण होणं, या दोन गोष्टी न्यायाधिकरण वेगळ्या करतं. ट्रिपल सीट जाणं बेकायदा आहे, त्याचा दंड होतो. पण ट्रिपल सीट चाललेल्या मोटरसायकलला कारने मागून उडवलं, तर तिसरा माणूस होता म्हणून धडक बसली का? सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2020 मध्ये नेमका हाच प्रश्न विचारला आणि उच्च न्यायालयाने कापलेले 10 टक्के परत दिले. बसणाऱ्याच्या वजनाने तोल गेला, असं काही दिसलं असतं तर गोष्ट वेगळी. दोन्ही चालकांची चूक असेल, तर डबलसीट बसलेल्या निर्दोष माणसाला दोघांपैकी कोणाकडूनही पूर्ण रक्कम मागता येते. वाटणी त्यांनी आपसात करावी.

त्या ढेकळाची किंमतही काढून बघू. समजा 34 वर्षांचा माणूस गेला, स्वतःचा धंदा, महिन्याची कमाई 15,000. चाळिशीच्या आतला म्हणून पुढच्या वाढीचे 40 टक्के धरून 21,000. मागे बायको, दोन मुलं आणि आई, म्हणून त्याच्या स्वतःच्या खर्चाचा चौथा हिस्सा वजा, उरले 15,750. वर्षाचे 1,89,000. या वयाचा गुणक 16, म्हणजे 30,24,000. हा हिशेब सर्वोच्च न्यायालयाने 2009 आणि 2017 च्या निकालांत घालून दिलेला आहे. इतर छोट्या रकमा वेगळ्या. आता न्यायाधिकरणाने ठरवलं की टक्कर पट्ट्यापलीकडे झाली आणि 30 टक्के चूक मृताची होती. तर 9,07,200 रुपये गेले. मुठीएवढी माती कुठे पडली, यावर नऊ लाख.

समोर दुसरी गाडी नसेल तर? 24 जानेवारी 2022 च्या रात्री सेलसुऱ्याजवळ एक कार पुलावरून खाली कोसळली आणि सावंगी मेघेच्या वैद्यकीय महाविद्यालयाचे सात विद्यार्थी गेले. गाडीतलं कोणीच वाचलं नाही. अशा ठिकाणी विचारायला कोणी उरत नाही. तुटलेला कठडा आणि चाकांच्या खुणा, एवढंच हाताशी असतं. अशा अपघातात गाडीत बसलेल्यांचं काय, हे पॉलिसीच्या प्रकारावर ठरतं. ‘फुल इन्शुरन्स’ म्हणतात त्या पॅकेज पॉलिसीत कारमधले प्रवासी आणि डबलसीट बसलेला माणूस येतो. नुसत्या थर्ड पार्टीत सर्वोच्च न्यायालयाने 2006 मध्ये डबलसीटवाल्याला बाहेर ठेवलं होतं. हजार-दोन हजार वाचवताना हे कोणाच्या ध्यानीमनी नसतं. चूक कोणाची हे न विचारता मिळणारी रक्कमही कायद्यात आहे: 1 एप्रिल 2022 पासून मोटार वाहन कायद्याच्या कलम 164 खाली मृत्यूला 5 लाख, गंभीर दुखापतीला अडीच लाख. धडक देऊन पळालेली गाडी सापडलीच नाही, तर 2 लाख आणि 50 हजार.

तिसरं टेबल गॅरेजमधलं. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा क्लेम करायला गेलात, तर चूक तुमची होती का, असं विमा कंपनीचा सर्व्हेअर साधारणपणे विचारतच नाही! चूक शंभर टक्के तुमची असली तरी पॅकेज पॉलिसी तुमचा बंपर भरून देते. त्याला बघायचं असतं लायसन्स चालू आहे का, दारू नव्हती ना, आणि कागदावर सांगितलेली हकीकत गाडीच्या पत्र्याशी जुळते का. मागून ठोकलं म्हणता आणि चेपलंय बाजूने, असं चालत नाही. मग घसारा: रबर आणि प्लॅस्टिकला निम्मी कात्री, काचेला शून्य, पत्र्याला गाडीच्या वयाप्रमाणे. आजकालच्या गाड्यांचं अर्धं अंग प्लॅस्टिकचं, त्यामुळे बिल पाहून माणूस दचकतो. ‘झिरो डेप’ घेतलं असेल तर ही कात्री लागत नाही.

कागदांचं चाक आता पूर्वीपेक्षा जोरात फिरतं, निदान नियमात तरी. 2022 पासून पोलिसांनी पहिला अहवाल 48 तासांत आणि सविस्तर अहवाल 90 दिवसांत न्यायाधिकरणाकडे पाठवायचा आहे. दावा दाखल करायलाही कायद्याने सहा महिन्यांची मुदत घातली. पण हे सगळे अहवाल ज्यावर उभे, ते पहिल्या अर्ध्या-पाऊण तासातच नाहीसं होऊ लागतं. रस्ता मोकळा करा म्हणून लोक ओरडतात, गाड्या ढकलून बाजूला लावतात, आणि कोणीतरी शहाणा ‘आपसात मिटवून टाका भाऊ’ म्हणतोच. जखमीला आधी दवाखान्यात न्यायचं, त्यात दुमत नाही. कायदाही तेच सांगतो. ते झाल्यावर मागे थांबलेल्या एखाद्याने मोबाइल काढावा. आधी दोन्ही गाड्या आणि रस्ता एका फोटोत यावा, मग काळे पट्टे, मग काचा. ढेकळांचा फोटो काढताना शेजारी आपली चप्पल ठेवावी, म्हणजे आकार कळतो. पुढच्या कापसाच्या ट्रॅक्टरखाली त्यांचं पीठ होणार असतं.