कंपवाताच्या संशोधनात फळमाशीचे स्थान

मानवी रोगास कारणीभूत असणारे जनुक सापडले, तरी त्याचे कार्य रुग्णाच्या शरीरात प्रयोग करून तपासता येत नाही. त्यासाठी प्रतिमान सजीवांचा आधार घ्यावा लागतो. ड्रॉसोफिला मेलॅनोगॅस्टर ही फळमाशी त्यांपैकी एक होय. २५ अंश सेल्सिअस तापमानास तिची एक पिढी सुमारे १० दिवसांत पूर्ण होते. शिवाय, मानवी रोगांशी निगडित जनुकांपैकी सुमारे ७५ टक्के जनुकांशी साम्य असणारी जनुके तिच्यात आढळतात.

पार्किन्सनचा रोग, अर्थात कंपवात, याच्या आनुवंशिक प्रकारांशी संबंधित पार्किन हे जनुक १९९८ मध्ये व पिंक-१ हे जनुक २००४ मध्ये ओळखले गेले. मात्र त्यांचा परस्परसंबंध अज्ञात होता. २००६ मध्ये पिंक-१ निष्क्रिय केलेल्या माश्यांच्या उड्डाणस्नायूंतील तंतुकणिका बिघडलेल्या आढळल्या. अशा माश्यांत पार्किनचे प्रमाण वाढविले असता हा बिघाड बराच कमी झाला. याउलट, पार्किनविरहित माश्यांत पिंक-१ वाढवूनही सुधारणा झाली नाही. यावरून पार्किनचे कार्य पिंक-१ नंतर घडते, हे सूचित झाले. पुढे मानवी पेशींतही बिघडलेल्या तंतुकणिकांवर पिंक-१ साठून पार्किनला तेथे आणते, असे दिसून आले.

तथापि, कंपवातात मेंदूत साचणाऱ्या अल्फा-सायन्यूक्लिन या प्रथिनाचे जनुक फळमाशीत नसते. म्हणून माशीवरील निष्कर्ष उंदरांत व मानवी पेशींत पडताळून पाहिल्याखेरीज उपचारासाठी ग्राह्य धरता येत नाहीत.