साबणाच्या वडीत सुगंधाचे थर

दिवाळी म्हणजे उटणं, सुगंधी तेल आणि मोती साबण, हे समीकरण आपल्या घराघरांत पक्कं बसलेलं आहे. एरवी मात्र साबण म्हणजे किराणा मालाच्या यादीतली एक ओळ! पण अलीकडे बचत गटांच्या प्रदर्शनात गेलात, तर तीन-तीन रंगांच्या थरांचे, मोगऱ्याच्या किंवा वाळ्याच्या वासाचे हातसाबण मांडलेले दिसतात. ‘अगंबाई, हे तर मलाही जमेल,’ असं मनात येतं. जमेल हो, नक्की जमेल! मात्र घरी वापरायला साबण करणं वेगळं आणि विकायला करणं वेगळं. दोन्ही गोष्टी नीट समजून घेऊया.

दोन वाटा

तेलाची कॉस्टिक सोड्याशी रासायनिक क्रिया झाली की साबण आणि ग्लिसरीन तयार होतं. ही क्रिया घडवण्याची एक पद्धत म्हणजे ‘कोल्ड प्रोसेस’, अर्थात थंड पद्धत. ही पद्धत अंदाजपंचे करायची नाही. १०० ग्रॅम खोबरेल तेलाला साधारण १८ ग्रॅम सोडा लागतो, तर तेवढ्याच एरंडेलाला १३ ग्रॅमच्या आसपास. म्हणजे तेल बदललं की हिशेब बदलला. सोडा जास्त झाला तर त्वचा भाजते. शिवाय सोडा नेहमी पाण्यात घालायचा, सोड्यावर पाणी कधीच ओतायचं नाही. भांडं स्टीलचं हवं, ॲल्युमिनियमचं अजिबात नको. हातमोजे, चष्मा हवाच, आणि मुलंबाळं त्या खोलीत नकोत. एवढं करून वड्या चार ते सहा आठवडे मुरू द्याव्या लागतात. ही पद्धत कुणा जाणत्या बाईच्या हाताखाली शिकावी.

नवशिक्यांसाठी सोपी वाट म्हणजे तयार ‘सोप बेस’. त्यात सोड्याचं काम आधीच झालेलं असतं. आपण फक्त वितळवायचं, रंग-वास घालायचा आणि साच्यात ओतायचं.

थरांचा साबण

साहित्य : १ किलो सोप बेस (थोडा पारदर्शक, थोडा पांढरा), २० ग्रॅम सुगंध, साबणासाठी मिळणारे मायका रंग, मेडिकलच्या दुकानात मिळणारं आयसोप्रोपाइल अल्कोहोल, फवारणीची छोटी बाटली, सिलिकॉनचा लांबट साचा.

कृती : बेसचे बारीक तुकडे करून तीन सारखे भाग करा. पातेल्यात पाणी गरम करून त्यावर दुसरं भांडं ठेवा आणि त्यात पहिला भाग वितळवा. उकळी येऊ द्यायची नाही. खाली उतरवून थोड्याशा अल्कोहोलमध्ये कालवलेला रंग आणि सुगंधाचा तिसरा हिस्सा घाला. हलक्या हाताने ढवळा, फेस होऊ देऊ नका. साच्यात ओतल्यावर वर बुडबुडे आले तर अल्कोहोल फवारा, ते विरतात. फवारताना गॅस बंदच हवा, अल्कोहोल चटकन पेट घेतं.

आता खरी मेख पुढे आहे. पहिल्या थरावर दुधावर धरते तशी साय धरली, पण आत ऊब आहे, अशा वेळी दुसरा थर ओतायचा. ओतायचं मिश्रण ५० ते ५५ अंश सेल्सिअस असावं. जास्त गरम असेल तर खालचा थर वितळून रंग एकमेकांत मिसळतात. फार थंड असेल तर वडी कापताना थर सुटे होतात. खालचा थर फारच गार झाला असेल तर काट्याने वर हलक्या रेघा ओढा. प्रत्येक थर ओतण्याआधी अल्कोहोलचा फवारा विसरू नका, तोच दोन थरांना धरून ठेवतो.

खाण्याचे रंग थरांच्या साबणाला चालत नाहीत, काही दिवसांत ते शेजारच्या थरात उतरतात. ताज्या पाकळ्या काळपट पडतात. दूध किंवा फळांचा गर घातला तर साबण खराब होतो.

आपला वास, आपली निवड

सुगंध साबणाच्या वजनाच्या १ ते ३ टक्क्यांपर्यंतच घ्यावा. लिंबू-संत्र्याचा वास आधी येतो आणि लवकर उडतो, गुलाब-मोगरा मध्ये राहतो, वाळा-चंदन मागे रेंगाळतो. तिन्हींची सांगड घातली की वास भरीव वाटतो. आधी कापसाच्या तीन बोळ्यांवर थेंब टाकून ते एका डबीत ठेवा आणि दुसऱ्या दिवशी हुंगून बघा. व्हॅनिला घातला तर पांढरा थर तपकिरी होईल. अगरबत्तीचा किंवा रूम फ्रेशनरचा सुगंध मात्र अंगाच्या साबणात कधीही घालू नका.

पावसाळी हवेत या साबणाला ‘घाम’ फुटतो, कारण ग्लिसरीन हवेतला ओलावा ओढतं. म्हणून वड्या कापल्या की लगेच प्लॅस्टिकच्या पातळ कागदात घट्ट गुंडाळा.

विकायचं म्हणता?

मग कायदा आधी. अंगाचा साबण हे कायद्याने सौंदर्यप्रसाधन आहे. १९४० चा औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा आणि २०२० चे सौंदर्यप्रसाधन नियम यांनुसार विक्रीसाठी बनवायला परवाना लागतो. आपल्याकडे तो राज्याचं अन्न व औषध प्रशासन देतं. जागा, स्वच्छता आणि जाणकार व्यक्ती यांच्या अटी असतात. परवाना असलेल्या दुसऱ्याच्या कारखान्यात माल तयार करण्यासाठी ‘लोन लायसन्स’ची सोयही आहे. ‘घरगुती आहे, कोण विचारतंय?’ असं म्हणून दागिने मोडू नका आणि कर्जही काढू नका, आधी चौकशी करा. ‘मुरमं जातात, इसब बरा होतो’ असं वेष्टणावर छापणं तर दूरच ठेवा. आजार बरा करण्याचा दावा केला की साबण औषधात मोडतो.

आणि हिशेब! समजा, किलोभर बेस २५० रुपये, सुगंध ६०, रंग आणि अल्कोहोल ३०, वेष्टण ८०, म्हणजे झाले ४२०. दहा वड्यांतली एखादी कडेची वाया जाते, राहिल्या नऊ. तुमचे तीन तास, तासाला ६० रुपयांनी १८० धरले की एकूण ६००, म्हणजे वडी पडली सुमारे ६७ रुपयांना. ‘दुकानात तीस रुपयांना मिळतो की,’ असं म्हणत कुणी ५० रुपये हातावर ठेवले, तर प्रत्येक वडीमागे १७ रुपये तुमच्याच खिशातून गेले. आपण बायका स्वयंपाकापासून शिवणापर्यंत स्वतःच्या वेळेची किंमत शून्य धरतो, आणि घरगुती उद्योग तिथेच बुडतात.

तेव्हा मैत्रिणींनो, पहिल्या किलोच्या वड्या घरातच वापरा. कोपराच्या आतल्या बाजूला लावून, धुऊन, दिवसभर बघा. खाज नाही, थर सुटत नाहीत, वास टिकतो, एवढी खात्री झाली की मगच वही काढा, परवान्याची चौकशी करा आणि पहिल्या पानावर आपल्या तासांचा भाव लिहा.