सत्तर हजार प्रकाशवर्षं आणि एक घड्याळ

आपली आकाशगंगा या टोकापासून त्या टोकापर्यंत सुमारे १,००,००० प्रकाशवर्षं पसरलेली. तिच्यात एखादं यान क्षणार्धात ७०,००० प्रकाशवर्षं दूर फेकलं गेलं तर? ‘नासा’चं व्हॉयेजर-१ सेकंदाला सुमारे १७ किलोमीटर वेगानं धावतंय, तेवढं अंतर कापायला त्याला सव्वाशे कोटींच्या आसपास वर्षं लागतील!

१६ जानेवारी १९९५ रोजी अमेरिकेत सुरू झालेल्या ‘स्टार ट्रेक : व्हॉयेजर’ मालिकेतलं यान असंच दूर फेकलं जातं. ते प्रकाशाच्या नऊशेपट वेगानं धावतं. तरीही घरी पोचायला ७५ वर्षं. म्हणजे बहुतेकांचं आयुष्य वाटेतच सरणार. त्यात यानावर स्टारफ्लीट या अंतराळदलाचे अधिकारी आणि ज्यांना पकडायला ते निघाले होते ते माकी बंडखोर, दोघांनी एकत्र राहायचं. विज्ञानकथेला याहून सुंदर बीज कुठलं हवं?

पण पहिली कथा संपता संपता बंडखोरांच्या अंगावर स्टारफ्लीटचा गणवेश चढला. सुरुवातीच्या एका भागात सांगितलं गेलं की टॉर्पेडो फक्त ३८ उरलेत आणि नवे मिळणार नाहीत. पुढे चाहत्यांनी मोजले, तर कितीतरी जास्त डागले गेले होते. आज यानाची चाळण व्हावी आणि पुढच्या आठवड्यात ते पुन्हा लखलखीत दिसावं, असं सात पर्वं चाललं.

कारण धंद्याचं होतं. यूपीएन ही नवी वाहिनी याच मालिकेनं सुरू झाली होती. प्रेक्षकाला कुठलाही भाग मधूनच पाहता यावा, पुनःप्रक्षेपणात क्रम बिघडला तरी अडू नये, म्हणून शेवटी सगळं जागच्या जागी यायचं. त्याच काळातली स्टार ट्रेकचीच ‘डीप स्पेस नाइन’ ही मालिका मात्र दीर्घ युद्धकथा बेधडक सांगत होती, आणि तिचं अंतराळस्थानक तर एका जागी खिळलेलं!

व्हॉयेजरला काय साधलं असतं, ते १९९७ च्या ‘इयर ऑफ हेल’ या जोडभागात दिसतं. यान खिळखिळं झालंय, सुरक्षा अधिकारी ट्युव्हॉकची दृष्टी गेलीय. उपकप्तान चाकोटे यानाची कॅप्टन जेनवे हिला वाढदिवसाला खिशातलं घड्याळ देतो. ती नाकारते. ते घड्याळ बनवायला लागलेल्या ऊर्जेत कुणाचं जेवण झालं असतं, कुणाला बूट मिळाले असते. त्या एका नकारात ७०,००० प्रकाशवर्षांचं अंतर अंगावर येतं. आणि अखेरीस काळ मागे फिरतो, सगळं पुसलं जातं. माझ्या मते मालिकेनं गमावलेली सर्वांत मोठी संधी हीच.

‘डीप स्पेस नाइन’चे लेखक रोनाल्ड मूर १९९९ मध्ये व्हॉयेजरवर आले आणि लवकरच बाहेर पडले. पुढे त्यांनी नव्यानं घडवलेल्या ‘बॅटलस्टार गॅलॅक्टिका’त भागाच्या सुरुवातीलाच वाचलेल्या माणसांचा आकडा पडद्यावर येतो आणि मालिकाभर बदलत राहतो. व्हॉयेजर नव्यानं पाहणार असाल, तर आधी ‘इयर ऑफ हेल’ पाहा आणि मग ‘गॅलॅक्टिका’कडे वळा.